हजेरीचे यंत्र आणि ‘तंत्रज्ञान व समाज’ : पाच महिन्यांनंतरचा अनुभव

यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला ‘तंत्रज्ञान व समाज’ हा खुला वैकल्पिक विषय घेऊन मला पाच महिने झाले. श्रेयांक आणि अंतर्गत गुण निवड करणाऱ्यांना ठाऊक असतातच, म्हणून ते सोडून देतो. लिहायला बसलो ते वेगळ्या कारणाने : एकही तासिका न चुकवता या विषयात माझी हजेरी 61 टक्के लागली.

वर्गाबाहेर अंगठ्याचे यंत्र आहे. हिंगण्याला वडिलांचे वेल्डिंगचे दुकान असून संध्याकाळी मी तेथे ग्राइंडर चालवतो, त्यामुळे बोटांच्या रेषा झिजल्या आहेत आणि यंत्र अनेकदा अंगठा घेत नाही. मी अर्ज केला तेव्हा ‘यंत्रात नोंद नाही म्हणजे हजेरी नाही’ एवढेच उत्तर मिळाले. 75 टक्क्यांखाली परीक्षेला बसू देत नाहीत.

सुरुवातीला हा विषय म्हणजे वाया गेलेले शुल्क, असेच माझे मत होते. पहिले सहा आठवडे नुसत्या व्याख्या झाल्या, आणि 420 रुपयांची झेरॉक्स पुस्तिका इतकी पुसट निघाली की अर्धी पाने वाचता येत नाहीत. ती विकत घेऊ नका, ग्रंथालयातली मूळ पुस्तके वाचा.

मत बदलले ते या विषयातल्या, नागपूरच्या एम्प्रेस मिल या कापड गिरणीवरच्या प्रकरणाने. गांधीसागराजवळच्या मॉलमुळेच आम्हाला ते नाव माहीत होते. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी सुरू केलेल्या या गिरणीत पुढे रिंग स्पिंडल हे सूत कातण्याचे नवे यंत्र आले. म्यूल या जुन्या सूतकताई यंत्राला मुरलेला कारागीर लागतो, तर रिंगवर नवखा माणूसही लवकर तयार होतो. म्हणजे यंत्र बदलले की कोणाच्या कौशल्याला किंमत राहील हेही बदलते. त्याहून महत्त्वाचे मला हे वाटले की तेथे गैरहजेरी फार होती, आणि मालकाने त्यावर भविष्यनिर्वाह निधी, विमा, खेळांचे दिवस असे उपाय केले. माणूस कामावर का येत नाही, हे आधी विचारले गेले.

त्यानंतर आधारचा भाग आला. पहिला आधार क्रमांक 2010 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिला गेला, आणि आज रेशन दुकानातल्या पॉस मशीनवर कष्टकऱ्यांचा अंगठा जुळत नाही तेव्हा पर्यायी ओळख मान्य करावी लागते. माझ्या अर्जात जे मला मांडता आले नव्हते, ते येथे नेमक्या शब्दांत सापडले.

प्रकल्पासाठी आमच्या गटाने आठ दिवस त्या यंत्राशेजारी उभे राहून नोंदी घेतल्या. सात जणांना वारंवार नकार मिळाला, त्यांपैकी पाच जण घरच्या धंद्यात हाताने काम करणारे होते. विषय शिकवणाऱ्या बाईंनी तो अहवाल स्वतः नेऊन दिला, यासाठी मी त्यांचा ऋणी आहे. आता यंत्राशेजारी सहीची वही ठेवली आहे. जुन्या तासिका मात्र अजून भरून मिळालेल्या नाहीत. सोमवारी मी दुसरा अर्ज दिला असून सोबत अहवालाची प्रत जोडली आहे.