डीपीडीसीचे १८ लाख, हातात दोन महिने: जेम, प्राधिकरण की रुग्ण कल्याण समिती?

गेल्या आठवड्यात एका उपजिल्हा रुग्णालयाच्या अधीक्षक मॅडमचा मेसेज आला. डीपीडीसीतून (जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून) १८ लाख मंजूर झालेत, चार मल्टिपारा मॉनिटर (पेशंटचे ठोके, बीपी, ऑक्सिजन एकत्र दाखवणारे), एक सीबीसी मशीन (रक्तपेशी मोजणारं) आणि एक मोठा ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारा) घ्यायचाय, जेमवर (सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवर) जाऊ का राज्याच्या खरेदी प्राधिकरणाकडे मागणी टाकू, की थोडं थोडं रुग्ण कल्याण समितीतून उरकू, पटकन सांगा. पटकन सांगण्यासारखं हे नाहीये मॅडम, म्हणून इथे सविस्तर लिहितोय, बाकीच्यांनाही उपयोग होईल. मी सरकारी दवाखान्यांत मशीन दुरुस्त करत फिरलेला माणूस, खरेदीच्या टेबलापेक्षा बंद मशीनसमोर जास्त बसलोय, त्यामुळे माझं मत त्या बाजूला झुकलेलं असणार हे आधीच धरून चाला.

आणि पहिली गोष्ट खरेदीची नाहीच, यादीची आहे. तुमच्याकडे आत्ता किती मॉनिटर आहेत आणि त्यातले किती चालू, हे स्टोअरवाल्याला, इन्चार्ज सिस्टरला आणि मेंटेनन्सच्या इंजिनियरला वेगवेगळं विचारून बघा, तीन वेगळे आकडे येतील. डेडस्टॉक (टिकाऊ वस्तूंच्या) रजिस्टरमध्ये जे एकदा चढलं ते निर्लेखन (भंगारात काढल्याची अधिकृत नोंद) होईपर्यंत उतरत नाही, म्हणजे २००८ चं मेलेलं मशीन पण तिथे जिवंत. औषधसाठ्याची ऑनलाइन सिस्टिम ई-औषधी बॅच आणि एक्स्पायरीसाठी छान आहे, सिरिंज, ग्लोव्हज, आयव्ही सेट, टाक्याचे धागे यांचा हिशोब तिथेच ठेवावा, पण मशीनची वॉरंटी कधी संपते, शेवटची सर्व्हिस कधी झाली, बंद कधीपासून आहे, हे तिथे शोधत बसू नका, ती सिस्टिम मुळात औषध आणि वापरून संपणाऱ्या मालासाठी. (राजस्थानात सी-डॅकचीच ई-उपकरण नावाची वेगळी सिस्टिम आहे, फक्त यंत्रांसाठी, मला ते जास्त शहाणपणाचं वाटतं.) तिसरी यादी मेंटेनन्सवाल्यांची, स्टिकर लावलेली. बायोमेडिकल इक्विपमेंट मेंटेनन्स प्रोग्राम (सरकारी दवाखान्यांतल्या यंत्रांच्या देखभालीची योजना) सुरू करताना देशभर जी मोजणी झाली त्यात २९ हजारांवर आरोग्य संस्थांमध्ये साडेसात लाखांहून जास्त यंत्रं सापडली, आणि राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के बंद. म्हणजे काही ठिकाणी दर तिसरं मशीन बंद, आणि आपण चौथं घ्यायला निघालो.

तर या तिन्हीतली स्टिकरवाली यादी पाया धरा, कारण ती निदान कोणीतरी वॉर्डात फिरून केलेली असते, आणि त्यावरून साधी एक्सेल शीट बनवा. मॉडेल, सिरीयल नंबर, कुठल्या निधीतून आलं, इन्स्टॉलेशनची तारीख, वॉरंटी कधी संपते, कुठल्या वॉर्डात आहे, चालू का बंद, आणि बंद असेल तर कशामुळे, हा शेवटचा कॉलम सोडू नका. एका ठिकाणी मी असाच बसलो तर सहा ‘बंद’ मॉनिटरपैकी चार फक्त एसपीओटू प्रोब (ऑक्सिजन मोजायला बोटाला लावतात तो सेन्सर) तुटल्यामुळे पडून होते. शिवाय एकाच वस्तूची नावं बघा, सक्शन मशीन, सक्शन अॅपरेटस, इलेक्ट्रिक सक्शन, तिन्ही वेगळ्या ओळीत, आणि मग मागणीपत्रात गरज नसताना अजून दोन. आपल्या पातळीच्या दवाखान्याला काय काय लागतं याची यादी २०२२ च्या आयपीएचएसमध्ये (सरकारी आरोग्य संस्थांसाठीच्या केंद्राच्या निकषांत) तयार आहे, तिच्याशी जुळवून घ्या म्हणजे वरून आक्षेप आला तर दाखवायला कागद राहतो.

आता रस्ते.

प्राधिकरण म्हणजे महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण. २०१७ पासून राज्याची खरेदी हाफकिन महामंडळामार्फत एकत्र केली होती, उशिराच्या तक्रारी इतक्या झाल्या की २०२३ मध्ये कायदा करून हे वेगळं प्राधिकरण काढलं, नमुना तामिळनाडूच्या मेडिकल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनचा. तिथलं सगळं १९९५ पासून चालू आहे आणि त्यातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे पासबुक, प्रत्येक दवाखान्याला त्याच्या वाट्याची रक्कम पासबुकात, माल उचलला की तेवढी कमी होते, डॉक्टरला समोर दिसतं किती उरलं. आपल्याकडे किती उरलं हे बऱ्याचदा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कळतं, असो.

या रस्त्याचा फायदा काय, तर एकसारखा माल. शंभर ठिकाणी तोच मॉनिटर गेला की कंपनीला विभागात इंजिनियर ठेवावाच लागतो, प्रोब एकमेकांना चालतात, सिस्टरची बदली झाली तरी मशीन तेच. हे मोठं आहे, लोक याला किंमत देत नाहीत. तोटा असा की स्पेसिफिकेशन तुमचं नाही आणि वेळ तर अजिबात तुमची नाही. म्हणून एकच प्रश्न विचारायचा, या वस्तूचा दर करार (टेंडरने आधीच ठरलेला दर आणि पुरवठादार) आज चालू आहे का आणि कुठल्या तारखेपर्यंत. असेल तर डोळे झाकून तिकडे जा, पुरवठा आदेश काढा, संपलं. नसेल आणि तुम्ही जानेवारीत मागणी टाकताय, तर ती मागणी टेंडरच्या गाडीत बसेल आणि गाडी एप्रिलमध्ये पण फलाटावरच असेल, निधी मात्र मार्चअखेरीलाच लॅप्स.

जेमचं उलट. २०१६ मध्ये सुरू झालं, आता सगळ्यांना लॉगिन आहे, बिड कमीत कमी १० दिवसांची, कागद बरोबर असले तर महिना-दीड महिन्यात माल दारात येऊ शकतो. दर उघड दिसतो. पण जेमवर तुम्ही जे लिहिलं नाही ते तुम्हाला मिळत नाही, इतका साधा नियम आहे आणि इथेच माती होते. कॅटलॉगचे ठराविक पॅरामीटर टिकमार्क करून बिड टाकली की एल-वन (सगळ्यात कमी दराचा पुरवठादार) येतो, रिव्हर्स ऑक्शन (दर खाली आणायची बोली) लावलं असेल तर तो अजून खाली जातो, आणि खाली जाताना तो मशीनमधून काही काढत नाही, मशीनच्या भोवतीचं काढतो. बाळांच्या साइजचे बीपी कफ नाहीत, प्रोब एकच, बॅटरी वॉरंटीबाहेर, स्टँड नाही, ट्रेनिंग म्हणजे कुरियरवाल्याने खोका ठेवून सही घेतली ते.

म्हणून बिडमध्ये स्वतःच्या अटी टाकायची जी सोय आहे ना, ज्याला एटीसी म्हणतात, तिथे वेळ घाला. मी असतो तर मॉनिटरसाठी लिहिलं असतं: तीन वर्षं वॉरंटी प्रोब, केबल आणि बॅटरी धरून (बॅटरीला निदान दोन वर्षं), पुढची पाच वर्षं सीएमसी (सुट्या भागांसह देखभालीचा करार) आणि तिचा दर आत्ताच बिडमध्ये, एल-वन ठरवताना तो धरला जाईल असा, बिघाड कळवल्यावर किती तासांत माणूस येणार, नाही आला तर दिवसाला किती दंड, आणि प्रत्येक अॅक्सेसरीचे आजचे दर गोठवलेले. स्पेसिफिकेशन कुठल्या डीलरने दिलेल्या पेनड्राइव्हवरून चिकटवू नका हो, त्यात त्याच्याच मशीनचं वजन आणि स्क्रीनची लांबी-रुंदी असते, दुसरा बिडर लगेच तक्रार टाकतो आणि बिड रद्द. एनएचएसआरसीची (केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या तांत्रिक संस्थेची) स्पेसिफिकेशन उपलब्ध आहेत, ती घ्या आणि आपल्या गरजेनुसार कमी-जास्त करा.

लायसन्स बघायचं कुठल्याही रस्त्याने गेलात तरी. २०१७ चे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, त्यात ए, बी, सी, डी असे धोक्याप्रमाणे वर्ग, साधी सुई बी मध्ये, व्हेंटिलेटर सी, हार्ट व्हॉल्व डी. ए आणि बी ला १ ऑक्टोबर २०२२ पासून, सी आणि डी ला १ ऑक्टोबर २०२३ पासून लायसन्स सक्तीचं झालं (ए मधल्या साध्या, निर्जंतुक नसलेल्या, मोजमाप न करणाऱ्या वस्तू त्यातून वगळल्यात). इंपोर्टेड असेल तर एमडी-१५ नंबरच्या फॉर्मवरचं लायसन्स मागा, देशी असेल तर वर्गाप्रमाणे एमडी-५ किंवा एमडी-९, आणि विकणाऱ्याकडे स्वतःचं ड्रग लायसन्स किंवा एमडी-४२. आयएसओचं रंगीत सर्टिफिकेट म्हणजे लायसन्स नव्हे, हे मी किती वेळा सांगितलंय काय सांगू.

रुग्ण कल्याण समितीचे (दवाखान्याच्याच पातळीवरच्या समितीचे) पैसे सगळ्यात लवकर हलतात, आणि म्हणूनच ते मशीनवर घालू नका. ते प्रोबसाठी, कफसाठी, ऑटोक्लेव्हच्या गास्केटसाठी, ईसीजीच्या लीडसाठी, डिफिब्रिलेटरच्या बॅटरीसाठी. दोन-अडीच हजाराच्या वस्तूसाठी दीड लाखाचं मशीन बंद पडतं, ते या पैशाने चालू होतं. मोठ्या खरेदीचे तुकडे पाडून समितीतून चार बिलं करायची आयडिया कोणीतरी देईलच, ऑडिटला ती पहिल्या पानावर सापडते. मर्यादा किती ते मी इथे लिहित नाही, जीआर बदलत असतात, लेखा शाखेकडून ताजा घ्या.

आता तुमच्या तीन वस्तू. मॉनिटरचं वर आलंच, दर करार असेल तर प्राधिकरण, नाहीतर जेम, आणि चारही एकाच मॉडेलचे.

सीबीसी मशीनचं मात्र थांबा. ते मशीन नाहीचए, ते रिएजंटचं (टेस्टला लागणाऱ्या रसायनाचं) गिऱ्हाईक आहे. समजा दिवसाला ३० टेस्ट, वर्षाचे ३०० दिवस, ९ हजार टेस्ट, एका टेस्टला रिएजंटचे २५ रुपये धरले तरी वर्षाला सव्वादोन लाख, पाच वर्षांत सव्वाअकरा लाख, आणि मशीन येईल तीन-चार लाखात. म्हणजे एल-वन मशीनच्या किमतीवर काढणं म्हणजे बैल बघून वैरणीचा हिशोब न करणं. क्लोज्ड सिस्टिम असेल तर रिएजंट त्याच कंपनीचं, दुसरं चालत नाही, आणि डीपीडीसीचा निधी मशीनपुरता, रिएजंटसाठी वेगळं हेड, वेगळी मान्यता. मार्चमध्ये आलेलं अॅनालायझर पहिला किट संपल्यावर ऑगस्टपासून प्लॅस्टिकचं कव्हर घालून बसलेलं मी स्वतः पाहिलंय. दुसरा पर्याय रिएजंट रेंटल, मशीन कंपनीचं, तुम्ही टेस्टप्रमाणे किंवा रिएजंटचे पैसे देता, बिघडलं तर डोकेदुखी त्यांची, पण ठराविक टेस्टची हमी मागतात आणि ओपीडी पडली की तुम्ही अडकता. तिसरं म्हणजे महालॅब (सरकारी दवाखान्यांची सॅम्पल नेऊन तपासणारी बाहेरची लॅब), तुमची किती सॅम्पल आधीच तिकडे जातात ते बघा, जात असतील तर ३० चा आकडा कदाचित १० वर येईल, आणि मग रात्रीच्या आणि डिलिव्हरीच्या इमर्जन्सीपुरतं लहान मशीन पुरे. मला विचाराल तर या १८ लाखांतून सीबीसी काढून टाका, रेंटलचा प्रस्ताव वेगळा चालवा. विकतच घ्यायचं ठरलं तर बिडमध्ये मशीन अधिक पाच वर्षांचं रिएजंट असा एकत्र दर मागा.

ऑटोक्लेव्हचं भांडण खरेदीशी नाही, खोलीशी आहे. मोठा हॉरिझॉन्टल घेताय तर थ्री फेज आहे का, लोड मंजूर आहे का, पाणी किती कडक आहे (आमच्याकडे बोअरच्या पाण्याने हीटरवर सहा महिन्यांत खडू जमतो), पाणी सोडायला ड्रेन आहे का. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या विद्युत शाखेचं पत्र आधी घ्या, मग ऑर्डर. जेमवर घ्या पण इन्स्टॉलेशन, सॉफ्टनर आणि दरवर्षीचं प्रेशर गेजचं कॅलिब्रेशन अटीत टाका.

माल आल्यावरचं एक. जेमवर माल मिळाल्याची पीआरसी आधी निघते आणि मग १० दिवसांत सीआरएसी, म्हणजे माल मान्य. लोक दोन्ही एकाच दिवशी करून टाकतात कारण बिल बसवायचं असतं. कोविडमध्ये, २०२१ ला, औरंगाबादच्या घाटी या सरकारी रुग्णालयामार्फत आलेल्या १५० व्हेंटिलेटरपैकी ११३ नीट चालत नाहीत हे प्रकरण हायकोर्टाच्या खंडपीठापर्यंत गेलं होतं, केंद्राने ते मानलं नाही, दोष मशीनचा का वापराचा यावरच वाद रंगला. माल आला त्या दिवशी कोणी काय तपासलं याचा सही केलेला कागद असला की असा वाद लांबत नाही. त्यामुळे चारही मॉनिटर वॉर्डात लावा, पेशंटला जोडा, लाइट घालवून बॅटरीवर किती वेळ चालतात बघा, आणलेल्या अॅक्सेसरी ऑर्डरशी मोजा, फोटो काढा, सिस्टर आणि तुमची सही, आणि त्याच संध्याकाळी सिरीयल नंबर शीटमध्ये टाका आणि मेंटेनन्सवाल्यांना मेल करा की वॉरंटी अमुक तारखेला संपते, त्यानंतर तुमच्या यादीत घ्या. नाहीतर वॉरंटी संपल्यावर कंपनी म्हणते आमचं नाही आणि ते म्हणतात आमच्या यादीत नाही.

सीबीसी काढून जे पैसे उरतील त्यातून पाचवा मॉनिटर घ्यायचा मोह होईल, त्याआधी स्टोअरच्या मागच्या खोलीचं कुलूप एकदा उघडून घ्या मॅडम, दोन तरी मॉनिटर तिथे प्रोबची वाट बघत असतील.