प्लॅटिनम ३७७६ सेंच्युरी: रोज मराठी लिहिणाऱ्याचा अनुभव

प्लॅटिनम या जपानी कंपनीचं ३७७६ सेंच्युरी हे फाउंटन पेन गेल्या पावसाळ्यापासून माझ्या रोजच्या लिहिण्यात आहे. रंग शार्त्र ब्लू, निब फाइन, म्हणजे बारीक टोकाची. नावातला आकडा फुजी पर्वताच्या उंचीचा, ३,७७६ मीटर. मूळ मॉडेल १९७८ चं, ही सुधारित आवृत्ती २०११ ची. इतिहास एवढा पुरे. या पेनाबद्दल जे काही वाचलं ते सगळं इंग्रजी लिहिणाऱ्यांनी लिहिलेलं, आणि मराठीत निबेची परीक्षा जरा वेगळीच होते.

इंग्रजी जोडून लिहिताना शब्द संपेपर्यंत हात फारसा उचलावा लागत नाही. आपल्याकडे काना, मात्रा, अनुस्वार, वर शिरोरेघ. निब सारखी उचला आणि टेकवा. म्हणून टेकताक्षणी शाई आलीच पाहिजे. माझ्याकडचं आधीचं एक पेन (नाव घेत नाही, स्वस्तातलं नव्हतं) शिरोरेघेची सुरुवातच कोरी सोडायचं. परिणाम काय, तर 'घ'चा 'ध' व्हायचा आणि 'म'कडे बघून 'भ' आहे की काय असं वाटायचं. स्वतःचंच टिपण अडखळत वाचावं लागे. सेंच्युरीने हा त्रास आजवर दिलेला नाही, आणि माझ्या लेखी तिथेच अर्धे पैसे वसूल.

निब १४ कॅरेट सोन्याची. सोन्याची म्हणजे लवचिक, असं समजून घेणार असाल तर थांबा. ही चांगली कडक आहे, आणि कागदावरून जाताना नुकतं टोक काढलेल्या पेन्सिलीसारखी बारीक खरखर जाणवते. मला ती आवडते, हाताला लगाम राहतो. ज्यांना लोण्यासारखी निब हवी त्यांनी दुसरीकडे बघावं.

जपानी फाइन ही युरोपीय फाइनपेक्षा बारीक असते. एकेरी रेघांच्या वहीत मी 'शुद्ध', 'सूक्ष्म', 'राष्ट्र' लिहितो तेव्हा जोडाक्षरातल्या पोकळ्या मोकळ्या राहतात. मित्राच्या मीडियम निबेने त्याच वहीत 'द्ध'चं पोट शाईने भरून गेलं. अक्षर टपोरं असेल तर मीडियम खुशाल घ्या. साध्या वहीच्या कागदावर शाई फुटते, तीही फाइनमुळे बरीच आटोक्यात राहते.

टोपणाच्या आत स्प्रिंगवर बसवलेलं आणखी एक छोटं टोपण आहे. ते निबेभोवती घट्ट बसतं, त्यामुळे पेन दोन वर्षं पडून राहिलं तरी शाई वाळत नाही, असा कंपनीचा दावा. दोन वर्षं ठेवून बघण्याइतका संयम माझ्यात नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत खणात राहिलेलं पेन आल्यावर न झटकता, न धुता चाललं.

शाई बहुतेक वेळा कॅमलची रॉयल ब्लू. कंपनीची स्वतःची ब्लू-ब्लॅक लोहयुक्त आहे. वाळताना गडद होते, पाण्याने जात नाही, मात्र ती भरलीत तर पेन धुण्याचा आळस चालणार नाही. कन्व्हर्टर (दौतीतली शाई ओढून घेणारी आतली नळी) प्लॅटिनमचाच लागतो आणि त्यात शाई बेताचीच मावते. टोपण आट्यांचं, त्यामुळे फोनवर बोलता बोलता एका हाताने नंबर टिपून घ्यायला हे पेन कामाचं नाही. वजनाने हलकं आहे. पाच आकडी किंमत मोजून हातात प्लास्टिक आलं, असं पहिल्यांदा वाटू शकतं. चार पानं सलग लिहिल्यावर त्या हलकेपणाबद्दल मत बदलतं.

दुकानात निब नुसती दौतीत बुडवून देतात. तेव्हा कुठलंही पेन झकास चालतं, कारण निबेखालची जीभ शाईने भिजलेली असते. निब पुसून घ्या, आपल्या वहीचं पान सोबत न्या, अर्धं पान भरा. मग टोपण उघडंच ठेवून दुकानदाराशी दोन मिनिटं गप्पा मारा आणि 'घ, ध, म, भ' लिहून बघा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू दे.

पुढेमागे याचंच मीडियम घेईन म्हणतो, सह्यांना आणि पाकिटावरच्या पत्त्यांना.