हानेम्यूले फोटो रॅग ३०८: प्रिंट विकून घर चालवणाऱ्याने घ्यावा का?

आधीच सांगतो, घरच्या भिंतीवर गोव्याच्या ट्रिपचे चार फोटो लावायचे असतील तर हा कागद घेऊ नका, उगाच खिशाला कात्री. हे त्यांच्यासाठी लिहितोय जे नागपुरात बसून, लग्नाच्या ऑर्डरी सांभाळून किंवा सोडून, फोटोचे प्रिंट विकून पोट भरायचा प्रयत्न करून राहिले. आपली संख्या कमी आहे, पण आहे.

तर कागद काय आहे. जर्मनीची हानेम्यूले, १५८४ पासून कागद बनवते, हो पंधराशे चौऱ्याऐंशी, टाइप करताना चुकलो नाही. फोटो रॅग म्हणजे १००% कापूस, ३०८ जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ३०८ ग्रॅम), मॅट म्हणजे बिनचमकीचा, अ‍ॅसिड नाही लिग्निन (लाकडातलं, कागद पिवळा करणारं द्रव्य) नाही, म्हणजे वर्तमानपत्रासारखा पिवळा पडून तुकडे होणारा माल नाही हा. आमचा इतवारीतला फ्रेमवाला पहिला शीट हातात घेऊन म्हणाला, "भाऊ, कापूस यवतमाळचा, वर्ध्याचा, आणि कागद जर्मनीतून? काय कमाल आहे बाप्पा." त्याचं काही चुकलं नाही. पण आपल्या साध्या हातकागदावर इंकजेटचं कोटिंग नसतं, शाई पसरते, काळा रंग राखाडी होऊन बसतो. इथे पैसे त्या कोटिंगचे आहेत, नुसत्या कापसाचे नाहीत.

माझ्याकडे कॅननचा प्रो-३०० आहे, ए३ प्लसपर्यंत (ए३ पेक्षा थोडा मोठा कागद), पिगमेंट शाईचा, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेल्या शाईचा. पिगमेंट महत्त्वाचं. डाय म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या शाईवाल्या टँक प्रिंटरवर हा कागद लावून "आर्काइव्हल" (वर्षानुवर्षं टिकणारा) म्हणून विकू नका, कागद टिकेल आणि रंग उडून जाईल, मग गिऱ्हाईक फोन करेल आणि तेव्हा काय सांगणार. कंपनीच्या साइटवर बऱ्याच प्रिंटरसाठी आयसीसी प्रोफाइल (या कागदावर रंग बरोबर यावेत म्हणून प्रिंटरला सांगणारी फाईल) फुकट मिळतं, ते टाका आणि प्रिंटरमध्ये मॅटचंच मीडिया निवडा, नाहीतर तो ग्लॉसीची काळी शाई मारतो आणि सगळे काळे धुरकट येतात. मॉनिटर कॅलिब्रेट (रंग आणि उजेड अचूक जुळवलेला) नसेल तर मात्र प्रोफाइल टाकून काही उपयोग नाही, आणि ब्राइटनेस फुल ठेवून एडिट करत असाल तर प्रिंट काळपट येणार म्हणजे येणारच. कागदाला शिव्या देऊ नका मग.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. कापसाच्या कागदावर बारीक तंतू सुटलेले असतात, तसंच छापलं तर नंतर तो तंतू झडतो आणि गडद आकाशात पांढरा ठिपका उरतो. मऊ ब्रश घ्यायचा, शीट थोडा तिरका धरायचा आणि एकाच दिशेने हलक्या हाताने दोनतीनदा झाडायचा, टेबललॅम्प बाजूने लावला तर उडणारे कण दिसतातसुद्धा. हे प्रिंटच्या आधी, नंतर नाही, नंतर ब्रश लावला तर मॅटवर ओरखडे पडतात आणि ते पुसून जात नाहीत. नखसुद्धा लावू नका. बघायला येणारे लोक पहिली गोष्ट काय करतात तर फोटोवरून बोट फिरवतात, म्हणून मी एक वेगळा नमुना ठेवलाय फक्त हात लावायला.

आणि खरं सांगू का, विक्री त्या नमुन्यावरच होते. मोबाईलवर फोटो पाठवला की उत्तर येतं "मस्त भाऊ", आणि विषय संपला. तोच प्रिंट फ्रेमशिवाय हातात दिला की माणूस दोन्ही हातांनी धरतो, तिरका करून बघतो, मग किंमत विचारतो. रामदासपेठेतल्या एका डॉक्टरसाहेबांना वेटिंग रूमसाठी काहीतरी पाहिजे होतं, त्यांचं म्हणणं "मोबाईलवर तर याच्यापेक्षा चमकत होता." मॅडमनी मात्र शीट हातात घेऊन विचारलं, "हे पेंटिंग आहे का?" ऑर्डर मॅडममुळे मिळाली. चमक नाही हेच याचं बलस्थान आहे, वरून लाइट पडला तरी फोटो दिसतो, आपलं तोंड दिसत नाही.

आता वाघ. नागपुरात वाघाशिवाय धंदा नाही हे सगळ्यांना माहित आहे, ताडोबा, पेंच, कऱ्हांडला, हॉटेलवाल्याला वाघ पाहिजे, बिल्डरला वाघ पाहिजे, ज्याला दुसरं काही सुचत नाही त्याला तर वाघच पाहिजे. आणि वाघासाठी हा कागद माझ्या मते बरोबर नाही. मॅटवर काळा तेवढा खोल जात नाही, पट्टे थोडे मऊ पडतात, डोळ्यातलं पाणी जातं. त्याच कंपनीचा फोटो रॅग बराइटा घ्या, ३१५ जीएसएम, तोही कापसाचाच पण ग्लॉस आहे, तिथे वाघ उठून दिसतो. फोटो रॅग ठेवा धुक्यासाठी, ब्लॅक अँड व्हाइटसाठी, महालातल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींसाठी, पेंचच्या डिसेंबरमधल्या सकाळीसाठी. मारबतीचे (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणुकीने निघणारे मोठे पुतळे) फोटोही याच्यावर फार छान येतात, पिवळ्या मारबतीचा पिवळा हळदीसारखा कोरडा येतो, ग्लॉसीवर तोच प्लास्टिक वाटतो. वाघ भाडं देतो, हे फोटो नाव देतात, असं आपलं माझं गणित आहे.

आता नागपूरचं हवामान, हा मुद्दा बाहेरच्या कोणत्याच रिव्ह्यूमध्ये सापडणार नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, हवा कोरडी ठाक, शीट उघडा ठेवला की कडा वळतात आणि प्रिंटरचं हेड वळलेल्या कडेला घासतं. लागेल तेवढाच शीट बाहेर काढायचा, बाकीचे पिशवीत आडवे. पिगमेंटचं हेडसुद्धा या हवेत लवकर चोक होतं, म्हणून काम नसलं तरी अधूनमधून एक छोटा प्रिंट मारत राहायचा. पण खरा दुश्मन आहे कूलर. गिऱ्हाइकाच्या हॉलमध्ये कूलर दिवसभर दमट हवा फेकतो आणि बरोबर त्याच्या समोरच्या भिंतीवर आपला फोटो असतो. कापूस पाणी ओढतो, कागद फुगतो, चारही बाजूंनी चिकटवलेला असेल तर त्याला पसरायला जागा नाही, मग मधोमध लाटा येतात.

म्हणून फ्रेमवाल्याला सांगा, मागून गोंद नाही लावायचा. वरच्या कडेला फक्त दोन ठिकाणी अ‍ॅसिड-फ्री टेपच्या पट्ट्या, प्रिंट लटकलेला राहील, खाली मोकळा. पुढे माउंट बोर्ड (प्रिंटभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट), तोही अ‍ॅसिड-फ्री, म्हणजे काच प्रिंटला चिकटत नाही. आमचा फ्रेमवाला आधी "काऊन भाऊ, पडला तर?" म्हणून वाद घालत होता, आता स्वतःच दुसऱ्यांना शिकवतो. मागे एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) थेट लावू नका, मध्ये एक बोर्ड टाका. आणि गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा की कूलरसमोर नको आणि दुपारचं ऊन येतं त्या भिंतीवर तर नकोच नको.

पैशाचं म्हणाल तर कागद महाग वाटतो पण हिशोब मांडला की फ्रेम, काच आणि पोचवणं यातच जास्त जातात. म्हणून पुण्या-मुंबईची ऑर्डर मी फ्रेमशिवाय पाठवतो, ग्लासीन (गुळगुळीत पातळ कागद) लावून, रुंद ट्यूबमध्ये, अरुंद ट्यूबमध्ये ३०८ जीएसएमचा कागद टाकला तर गिऱ्हाइकाकडे तो सरळच होत नाही. प्रिंट अस्सल असल्याचं कंपनीचं सर्टिफिकेट आणि नंबरवाले जोडीचे होलोग्राम वेगळे मिळतात, एक प्रिंटच्या मागे, एक सर्टिफिकेटवर. नागपुरात आधी लोक याला हसायचे. आता एडिशन १५ ची आहे, म्हणजे त्या फोटोचे एकूण १५च प्रिंट, आणि त्यातली ९ गेली म्हटलं की घासाघीस जरा कमी होते. पण मग १५ म्हणजे १५च, सोळावा "ओळखीत" काढून दिला की संपलं सगळं, या शहरात सगळे सगळ्यांच्या ओळखीचे आहेत.

आणि हो, "प्रिंट कशाला, फाईल द्या, आम्ही फ्लेक्सवाल्याकडून काढून घेतो" म्हणणारे भेटतातच, हॉटेलवाले जास्त. प्रिंट विकला म्हणजे कॉपीराइट विकला असं होत नाही, हे बिलावर एक ओळ लिहून टाका. फक्त कोणी पैसे देऊन खास फोटो काढून घेतला असेल तर १९५७ च्या कायद्यात वेगळा करार नसला की मालकी त्याच्याकडे जाते, म्हणून असं काम घेताना आधी कागदावर लिहून घ्यायचं.

पाच पैकी साडेचार देतो, अर्धा कापला तो वाघासाठी आणि त्या ओरखड्यांसाठी. नवीन असाल तर रोलच्या मागे लागू नका, ए४चा पॅक घ्या, आपले चार वेगवेगळ्या प्रकारचे फोटो मारून बघा, मग ए३ प्लस. माझा पुढचा पॅक ऑर्डर केलाय, पोळ्याच्या आधी आला पाहिजे, मारबतीचे प्रिंट मागणारे याच वेळी विचारतात आणि तान्ह्या पोळ्यानंतर (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा मुलांचा पोळा) कोणी विचारत नाही.