चौथा अ‍ॅक्सिस लावून आठ महिने झाले – कुडाळच्या शेडमधला अनुभव

शिमग्याच्या सुट्टीत आमच्या लहान सीएनसी मिलिंग मशीनवर (कॉम्प्युटरच्या हुकमावर धातू कापणारं) रोटरी बसवली, म्हणजे एक्स, वाय, झेडच्या जोडीला तुकडा गोल फिरवणारा चौथा, ए अ‍ॅक्सिस, आणि आता दिवाळी आली. बाबा पहिल्या दिवशी बघून म्हणाले, ‘ह्या मशीनीत नारळ सोलूक येतत काय?’ येत नाहीत, पण बाकी बरंच येतं.

घेताना डोक्यात होतं की चारही अ‍ॅक्सिस एकदम फिरतायत, इम्पेलर (पंपातलं पात्यांचं चाक) बनतोय, व्हिडिओत असतं तसं. खरं सांगू, दहातली नऊ कामं इंडेक्सिंगची निघाली. ए फिरवा, लॉक करा, साधं थ्री अ‍ॅक्सिस मारा, परत फिरवा. वेंगुर्ल्याच्या एका मच्छीमाराच्या होडीचा पंप शाफ्ट आला होता, एसएस ३१६ (स्टेनलेस स्टील), टोकाला षटकोन हवा होता, तर प्रोग्राम एकाच बाजूचा आणि मध्ये हाताने लिहिलेलं ए६०, ए१२०, ए१८० असं, म्हणजे तेवढ्या डिग्रीला फिरव. कॅम (प्रोग्राम बनवून देणारं सॉफ्टवेअर) उघडलंच नाही. फक्त ३१६ला फीड (टूल पुढे सरकायचा वेग) कमी ठेवून घासत बसलात तर ते जागीच कडक होतं आणि एंडमिल, म्हणजे कापणारं टूल, जातं, माझी दोन गेली.

रडवलं ते सेंटरने. ए चा मध्य नेमका कुठे आहे हे मशीनला चुकीचं सांगितलं की सगळंच तिरकं. डायल (बारीक फरक दाखवणारं गेज) लावून समाधान मानत होतो, मग एका जुन्या टर्नरकाकांनी युक्ती दिली, तुकड्यावर ए शून्यला एक सपाटी मारायची, ए१८०ला तेवढ्याच झेडला (उंचीला) दुसरी, आणि मायक्रोमीटर लावायचा. २० मिमी पाहिजे होतं, आलं २०.०८, म्हणजे झेड झिरो ०.०४ने वर धरलेला. अर्धा फरक खाली घेतला, विषय संपला. आता रोटरी काढून परत बसवली की आधी हेच करतो.

सायमल्टेनियस, म्हणजे कापतानाच ए पण फिरत ठेवणं, मी जुलैत केलं, अ‍ॅल्युमिनियमच्या २० मिमी रॉडवर नागमोडी खाच. फिनिश इतका घाण की लाज वाटली. कारण फीड. नुसता ए फिरतो तेव्हा एफ६०० (एफ हा फीडचा आकडा) म्हणजे मिनिटाला ६०० डिग्री, १० मिमी त्रिज्येवर ते जेमतेम १०५ मिमी होतात, टूल कापत नाही, चोळतं. जी९३ या फीडच्या दुसऱ्या पद्धतीवर गेलो, त्यात एफ म्हणजे एक भागिले त्या ओळीला लागणारी मिनिटं, आणि लिनक्ससीएनसीत (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) प्रत्येक कटिंग ओळीला एफ लिहावाच लागतो, एक विसरलात की एरर. पोस्ट प्रोसेसर (कॅमचं काम मशीनच्या कोडमध्ये लिहून देणारा भाग) बदलला आणि तीच खाच आरशासारखी.

बॅकलॅश मात्र आहे. स्वस्त रोटरीच्या वर्म गिअरमध्ये ०.१ डिग्री ढिलाई म्हणजे ५० मिमी त्रिज्येवर जवळपास ०.०९ मिमी, म्हणून नेहमी एकाच बाजूने येऊन थांबवतो.

आणि आपलं कोकण! गणपतीत सात दिवस शेड बंद, परत आलो तर चकच्या (तुकडा पकडणाऱ्या) जबड्यांवर तांबूस गंज, कोलेट (टूल पकडणारे) चिकटलेले. आता बंद करताना तेलाचा हात फिरवतो आणि टूलच्या कपाटात ऊबेला साठ वॅटचा बल्ब पेटता ठेवतो, बिल येतं पण कोलेट वाचतात. लाईट जाणं वेगळं. ए ला होम स्विच (शून्याची जागा ओळखणारा) नाहीये, त्यामुळे मध्येच लाईट गेली की तो कुठल्या कोनात आहे हे कोणालाच माहीत नाही, म्हणून चकवर पंचने एक खूण मारलीय. होमचा सेन्सर पुढच्या महिन्यात लावतोय.