एक्सएफसीईवर मोडीचं लिप्यंतर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर पणजोबांच्या कागदांचे पाच रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, होते. पणजोबा सयाजीराव महाराजांच्या काळात हुजूर कचेरीत कारकून. घरखर्च, देणीघेणी, गावाकडची पत्रं, सगळं मोडीत. मागच्या वर्षी घर दुरुस्तीला काढलं तेव्हा रुमाल खाली उतरवले, तर दोन रुमालांच्या कडा वाळवीने खाल्लेल्या. भाच्याने सुट्टीत बसून एकेका पानाचा फोटो काढला. साडेसहाशेच्या आसपास पानं भरली. तेव्हापासून मी ती बाळबोधीत उतरवते आहे. रोज तीन तास, कधी चार.

घरचा कॉम्प्युटर जुना, चार जीबी रॅमचा. दोन मोठे फोटो आणि एक लांब दस्तऐवज एकदम उघडला की पूर्वी तो अडून बसायचा. भाच्याने त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) घातलं आणि डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरच्या विंडो आणि मेनू सांभाळणारा भाग, म्हणून एक्सएफसीई ४.१८ दिलं. "मावशी, हे हलकं आहे, तुझ्या मशीनला झेपेल," एवढंच तो म्हणाला. मशीनला झेपलंच. पण मला हा डेस्कटॉप आवडण्याचं कारण वेगळं आहे, आणि त्यासाठी आधी मोडीबद्दल दोन शब्द सांगावे लागतील.

मोडी लिहिताना आधी पानभर शिरोरेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं टांगत जातात. शब्दाशब्दांत जागा सोडत नाहीत. ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. त्यामुळे एकदा ओळीवरून नजर सुटली की परत तीच जागा सापडायला वेळ लागतो. पुन्हा मागच्या चार अक्षरांपासून जुळवत यावं लागतं, "दिल्हे" कुठे संपलं आणि "असे" कुठे सुरू झालं ते. लोक म्हणतात शॉर्टकटने वेळ वाचतो. असेल. माझ्या कामात त्यांचं मोल हे की नजर ओळीवर राहते.

सगळ्यात जास्त वापरते ती गोष्ट म्हणजे ऑल्ट दाबून माऊसचं चाक फिरवणं. अख्खा पडदा मोठा होतो आणि पॉइंटर नेऊ तिकडे सरकतो. उलटं फिरवलं की सगळं जागच्या जागी. याला फक्त सेटिंग्जमधल्या विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये कंपोझिटिंग नावाचा पर्याय चालू असावा लागतो, माझ्याकडे तो पहिल्यापासून चालूच होता. चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्येही मोठं करता येतं, पण तिथे पान आपल्या जागेवरून हलतं आणि परत बसवावं लागतं. ऑल्ट आणि चाकाने तसं होत नाही. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी: हा पडद्यावरचा चित्रबिंदूच मोठा करतो, फोटोतला जास्तीचा तपशील आणत नाही. शाई फिकी असेल, "ब" आहे की "व" असा घोळ असेल, तर फोटोच मोठा करून बघावा लागतो. दिवसातून वीस वेळा नुसती झलक हवी असते, त्याला मात्र हेच बरं.

दुसरी सोय म्हणजे ऑल्ट दाबून विंडो कुठेही धरून ओढता येते. टायटलबार शोधत वर जायला नको. डाव्या बटणाने ओढलं की हलते, उजव्या बटणाने ओढलं की जवळच्या कोपऱ्यातून लहानमोठी होते. एक्सएफसीईची कड इतकी बारीक असते की माऊसने ती पकडता पकडता मनगट दुखायचं. ही तक्रार अगदी रास्त आहे. मूळ थीममध्ये कड जरा जाड द्यायला हवी होती. पहिला आठवडा मी त्या कडेशी झगडत होते. ऑल्ट आणि उजवं बटण कळल्यापासून कडेकडे गेलेच नाही.

डावीकडे फोटो, उजवीकडे लिहायची विंडो, अशी माझी मांडणी. अर्ध्या पडद्यावर विंडो बसवायचे शॉर्टकट मुळात सुपर कळ आणि नंबरपॅडचे बाण असे आहेत (सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली कळ). माझ्या छोट्या कळफलकाला नंबरपॅडच नाही. सेटिंग्जमध्ये विंडो मॅनेजर, त्यात कीबोर्डचा टॅब, तिथे हव्या त्या ओळीवर दोनदा क्लिक करून नवी जोडी दाबायची. मी सुपर आणि साधे बाण ठेवले. पाच मिनिटांचं काम. पण हे कुठे बदलायचं ते शोधण्यात एक दुपार गेली, कारण प्रोग्रॅम उघडायचे शॉर्टकट वेगळ्या ठिकाणी, कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये आहेत. दोन्ही एकाच जागी असते तर नवख्या माणसाची पायपीट वाचली असती.

अशी मांडणी केली की आणखी एक गोष्ट आपोआप मिळते. कर्सर उजवीकडे मजकुरात असला तरी चाक पॉइंटरखालच्या विंडोवर चालतं. म्हणजे टाइप करता करता पॉइंटर फोटोवर ठेवून चाक फिरवलं तर फोटो हलतो आणि कर्सर आपल्या शब्दावर तसाच राहतो. डावीकडे क्लिक करून परत उजवीकडे क्लिक करण्याची गरज संपली.

आता मधलं बटण. चाक दाबलं की ते बटण. लिनक्समध्ये मजकूर नुसता निवडला की तो एका वेगळ्या जागी राहतो आणि मधल्या बटणाने हवा तिथे उतरतो. कंट्रोल-सीने घेतलेला मजकूर त्याहून निराळा, दुसऱ्या जागी. म्हणजे एका वेळी दोन गोष्टी हाताशी. पणजोबांच्या पत्रांत तेच ते मायने फिरून येतात: "राजमान्य राजेश्री", "विनंती विशेष", "कळावे". एक मायना कंट्रोल-सीमध्ये, एखादं अडनिडं गावाचं नाव निवडीत. काम भराभर होतं. (लांब मायन्यांसाठी आता मी लिब्रेऑफिसमधला ऑटोटेक्स्ट वापरते, दोन अक्षरं लिहून एफ३ दाबलं की पूर्ण वाक्य येतं.)

पण याच बटणाने मला सगळ्यात मोठा फटकाही दिला. चाक फिरवताना ते थोडंसं दबलं तरी निवडलेला मजकूर पॉइंटर असेल तिथे उतरतो, आवाज नाही, विचारणा नाही. तिसऱ्या महिन्यात दुसऱ्या रुमालातलं एक देण्याघेण्याचं पत्र तपासत होते. त्यात "तीन मण गहू" दोनदा आला. मूळ पानात एकदाच होता. मग मागची चाळीस पानं पुन्हा मुळाशी ताडून बघितली. आणखी दोन ठिकाणी असंच घुसलेलं सापडलं. जुन्या कागदाचं लिप्यंतर करताना याहून वाईट काय असणार, कारण वाचणारा ते पणजोबांनीच लिहिलंय असं धरणार. तेव्हापासून मजकूर तपासते तेव्हा माऊस बाजूला ठेवते आणि पानं कळफलकाने सरकवते. माऊसही बदलला. जुन्याचं चाक सैल झालं होतं, नव्याचं दाबायला घट्ट आहे.

कळफलक बदलण्याचा प्रश्न मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला येणार म्हणून जरा सविस्तर सांगते. मी इनस्क्रिप्टवर (भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कळफलकावर) लिहिते. तळटिपा आणि फाइलींची नावं इंग्रजीत. अदलाबदलीसाठी सुरुवातीला ऑल्ट-शिफ्ट ठेवलं होतं. पण उघडलेल्या विंडोंमध्ये ऑल्ट-टॅबने पुढे आणि ऑल्ट-शिफ्ट-टॅबने मागे जाता येतं. मागे गेलं की भाषाही पालटायची आणि पुढची अर्धी ओळ रोमन अक्षरांत उमटायची. नजर मोडीच्या पानावर, त्यामुळे ते कळायचंही उशिरा. उजवी ऑल्टही नको, कारण तिच्याबरोबर चार दाबून रुपयाचं चिन्ह येतं. शेवटी कॅप्स लॉक निवडली. बाळबोधीत मोठी लिपी नाहीच, ती कळ माझ्यासाठी रिकामीच पडलेली होती. कीबोर्ड सेटिंग्जमधल्या लेआउटच्या टॅबवर हा पर्याय आहे. यादीत इंग्रजी पहिली आणि मराठी दुसरी ठेवा, म्हणजे मराठी चालू असतानाही कंट्रोल-सी, कंट्रोल-एस नीट चालतात.

इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जेवर "ऱ" आहे, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. "दर्या" आणि "दऱ्या", "आचार्यांना" आणि "आचाऱ्यांना" यांतला फरक लिहिता आलाच पाहिजे. अंगठ्याच्या दुखण्याने शिफ्ट धरून ठेवणं जड जातं त्या दिवशी ॲक्सेसिबिलिटीतल्या स्टिकी कीज चालू करते. मग शिफ्ट दाबून सोडायची आणि नंतर जे दाबायचं.

फाइलींचं काम थुनारमध्ये, म्हणजे एक्सएफसीईच्या फाइल मॅनेजरमध्ये, होतं. भाच्याच्या फोटोंना कॅमेऱ्याने दिलेली नावं होती. सगळी पानं निवडून एफ२ दाबलं तर एकदम नावं बदलायची विंडो उघडली. "रुमाल एक" आणि पुढे क्रमांक. साडेसहाशे फाइली एका संध्याकाळी ओळीत लागल्या. कंट्रोल धरून ओढलं की प्रत होते, शिफ्ट धरून ओढलं की फाइल हलते. मूळ फोटोंवर मी नेहमी कंट्रोल धरूनच हात लावते.

खटकलेल्या गोष्टी अजून आहेत. टायटलबारवर चाक फिरलं तर विंडो गुंडाळली जाते, नुसती पट्टी उरते. रिकाम्या डेस्कटॉपवर चाक फिरलं तर दुसरं वर्कस्पेस (दुसरा रिकामा डेस्कटॉप) येतं आणि उघडलेलं सगळं नाहीसं झाल्यासारखं दिसतं. पहिल्यांदा झालं तेव्हा दिवसभराचं लिखाण गेलं असं वाटून छातीत धस्स झालं. दोन्ही सवयी सेटिंग्जमधून बंद करता येतात, आणि मी केल्या. दुसरं, गिम्प या फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये फोटो साफ करताना निवडलेला भाग ऑल्टने हलवायचा असतो, पण ऑल्ट तर डेस्कटॉपने आधीच धरून ठेवलेली. विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या टॅबवर ती कळ बदलून सुपर केली. तेव्हापासून विंडो ओढणं, ताणणं, पडदा मोठा करणं सगळं सुपरवर गेलं. बोटांना नवी सवय लागायला दहाएक दिवस लागले. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

आई ऐंशीची आहे. तिला दुहेरी क्लिक जमत नाही, बोट थरथरतं. थुनारच्या प्रेफरन्सेसमध्ये एका क्लिकवर उघडायचा पर्याय तिच्यासाठी लावून दिला. दुपारी ती माझ्या खुर्चीत बसून आपल्या आजेसासऱ्यांची पत्रं स्वतः उघडून वाचते. एका पत्रातल्या विहिरीच्या पैशाचा हिशेब मला लागत नव्हता. तिने लावून दिला, ती विहीर तिने पाहिलेली आहे.

डेबियन १३ मध्ये एक्सएफसीई ४.२० आलं आहे आणि भाचा बदलायला उत्सुक आहे. मी त्याला चौथा रुमाल संपेपर्यंत थांबायला सांगितलंय. तोवर थुनारमध्ये कंट्रोल-एच दाबून लपलेले फोल्डर दाखवले आणि त्यातल्या कॉन्फिगच्या फोल्डरमधलं एक्सएफसीई४ पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं. माझे सगळे शॉर्टकट त्यातच आहेत.