आमच्या वॉर्डातल्या छोट्या पक्षाचं जनसंपर्क कार्यालय : 5 पैकी 4 स्टार

पक्षाचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण मला फक्त कामाबद्दल लिहायचंय. सिंहगड रोडला एका शटरच्या गाळ्यात ऑफिस आहे, एक टेबल, चार खुर्च्या आणि एक रजिस्टर. मार्च 2022 ला पुणे मनपाची मुदत संपून प्रशासक आले तेव्हापासून ड्रेनेज तुंबलं की जायचं कोणाकडे हाच प्रश्न होता, आणि हा पक्ष कुठेच सत्तेत नसताना इथली पोरं तक्रार लिहून घेतात, मनपाचा टोकन नंबर समोर टाकतात आणि काम झालं का विचारायला स्वतः फोन करतात. हा उलटा फोन मला सगळ्यात जास्त आवडला!!

जुलै 2024 ला लाडकी बहीणची गर्दी उसळली, नारीशक्ती दूत ॲप सारखं हँग व्हायचं, तरी यांनी रात्री उशिरापर्यंत बसून फॉर्म भरले, एक रुपया घेतला नाही आणि बायकांना उभं करून फोटोही काढले नाहीत. आमच्या वहिनी अजून नाव काढतात.

एक स्टार कापला तो प्रसिद्धीसाठी. एवढं काम करतात आणि इन्स्टावर काय, तर साहेबांचा वाढदिवस, केक, क्रेनने हार. बाहेरच्या फ्लेक्सवर बारा चेहरे पण ऑफिसची वेळ कुठेच लिहिलेली नाही. अहो त्यापेक्षा गेल्या महिन्यात किती तक्रारी आल्या, किती सुटल्या, किती अडकल्या ते फळ्यावर लिहा ना, अडकलेल्या पण लिहा, लोकांचा विश्वास त्यानेच बसतो. सभेच्या गर्दीवर जाऊ नका, मनसेच्या सभा आजही गाजतात पण 2009 ला 13 आमदार होते आणि 2024 ला एकही नाही. उलट शेकापचे गणपतराव देशमुख सांगोल्यातून 11 वेळा निवडून आले, पक्ष छोटाच होता, पण आमदार एसटीने फिरतो आणि भेटतो हे गावागावात माहीत होतं.

अजून एक, आठला शटर बंद करता, नोकरीवाल्यांनी यायचं कधी? रविवारी सकाळी तरी दोन तास उघडा.

जाणार असाल तर आधार आणि रेशन कार्डची झेरॉक्स घरूनच घेऊन जा, जवळपास झेरॉक्सवाला नाहीये.