इंट्राडे की स्विंग: मनाला काय झेपेल?

हिंजवडीत नोकरी करणारे मित्र अधूनमधून विचारतात, शेअर बाजारात इंट्राडे (घेतलेला शेअर त्याच दिवशी विकणं) करू की स्विंग (काही दिवस ठेवून विकणं)? मी आधी भांडवल विचारत नाही, तोटा झाल्यावर तुझं काय होतं ते विचारतो.

इंट्राडेत सव्वानऊ ते साडेतीनमध्येच सगळं घडतं. एक सौदा चुकला की लगेच दुसरा करून भरपाई करायची खुमखुमी येते आणि घात तिथेच होतो. तेवढ्याच फायद्याच्या आनंदापेक्षा तोटा मनाला जास्त लागतो, हे कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 सालीच मांडलं. ही बोच दिवसातून चार-पाचदा सोसायची, तीही मीटिंगमध्ये टेबलाखाली मोबाईल धरून! शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या अभ्यासानुसार 2022-23 मध्ये रोख बाजारात (थेट शेअर्सच्या खरेदी-विक्रीत) इंट्राडे करणाऱ्या दर 10 पैकी 7 जणांना तोटा झाला. दोन सौदे चुकल्यावर स्क्रीन बंद करणं जमत नसेल, तर या वाटेला जाऊच नका.

स्विंगमध्ये घाई नसते, पण मधे रात्र असते. बातमी आली की सकाळी भाव स्टॉप लॉसच्याही (तोटा आवरायला आधीच ठरवलेल्या विक्रीच्या भावाच्या) खाली उघडू शकतो. 4 जून 2024 ला, लोकसभा निकालाच्या दिवशी, निफ्टी हा 50 बड्या कंपन्यांचा निर्देशांक जवळपास 6 टक्के कोसळला होता. इथे कस लागतो तो स्वस्थ बसण्याचा. तरी संध्याकाळी अर्धा तास चार्ट पाहून तळजाई टेकडीवर फिरायला जाता येतं.

नोकरदाराला मी स्विंगच सुचवेन. एका सौद्यात भांडवलाच्या 1 टक्क्याहून जास्त धोका नको. ओळीने पाच सौदे चुकले तरी साधारण 95 टक्के पैसा हातात राहतो.